यकृताचे ऑटोइम्यून आजार आणि रक्तातल्या अँटीबॉडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) कित्येक महिने वाढलेलं, हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, दारूला कधी हात लावलेला नाही. मग डॉक्टर चिठ्ठीवर चार अँटीबॉडींच्या टेस्ट लिहितात: एएनए, एएसएमए, एएमए, एलकेएम. काही दिवसांनी हातात पडणाऱ्या कागदावर '1:80', 'वीक पॉझिटिव्ह', 'स्पेकल्ड पॅटर्न' असलं काहीतरी छापलेलं असतं आणि संध्याकाळपर्यंत घरातल्या कुणीतरी ते मोबाइलवर शोधून सगळ्यांची झोप उडवलेली असते. या टेस्ट सूक्ष्मदर्शकाखाली वाचून रिपोर्टवर सही करणं हे माझं रोजचं काम. पेशंट आणि नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितो आहे. औषध कोणतं, किती आणि कधी, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

या टेस्टमधून नेमकं काय शोधतात?

जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा कधी कधी स्वतःच्याच पेशींवर उलटते. यकृताच्या बाबतीत असे मुख्य आजार तीन. पहिला ऑटोइम्यून हिपॅटायटिस, म्हणजे एआयएच. यात यकृताच्या पेशींवरच हल्ला होतो. दुसरा प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, म्हणजे पीबीसी. यात यकृताच्या आतल्या अगदी बारीक पित्तनलिका हळूहळू नष्ट होतात. तिसरा प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, म्हणजे पीएससी. यात लहानमोठ्या पित्तनलिका जागोजागी आवळल्या जातात. पहिले दोन बायकांमध्ये खूपच जास्त दिसतात, तिसरा पुरुषांमध्ये जास्त.

या आजारांत रक्तात विशिष्ट अँटीबॉडी सापडतात आणि कोणती सापडली यावरून दिशा कळते. पण तिन्हींसाठी टेस्ट सारख्याच उपयोगाच्या नाहीत. पीबीसीत अँटीबॉडी जवळजवळ निदानच करून देते, एआयएचमध्ये ती अर्धी बाजू सांगते आणि पीएससीत तिचा फारसा उपयोग नाही. हा फरक लक्षात ठेवला तर पुढची बरीच उत्तरं सोपी जातील.

म्हणजे या अँटीबॉडीच यकृत खराब करतात?

बहुतेक ठिकाणी तसं दिसत नाही. मुख्य नुकसान टी-पेशी, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, करतात. अँटीबॉडी ही त्या गडबडीची खूण. पीबीसीतल्या एएमएचंच बघा. ती मायटोकाँड्रियामधल्या एका प्रथिनावर बसते आणि मायटोकाँड्रिया तर अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असतात. तरी आजार होतो तो पित्तनलिकांना. म्हणूनच आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, हे गणित इथे चालत नाही.

साध्या एलएफटीवरून, म्हणजे यकृताच्या नेहमीच्या रक्ततपासणीवरून, काही अंदाज येतो का?

येतो, आणि लोक नेमका तोच आकडा वाचत नाहीत. सगळ्यांचं लक्ष एसजीपीटी आणि बिलिरुबिनवर. एलएफटीच्या खालच्या भागात टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन आणि ए/जी रेशो अशा चार ओळी असतात. एआयएचमध्ये आयजीजी नावाचं प्रथिन खूप तयार होतं, त्यामुळे ग्लोब्युलिन वाढतं आणि ए/जी रेशो उलटतो, म्हणजे एकच्या खाली जातो. टोटल प्रोटीन 9, त्यात अल्ब्युमिन 3.8 आणि ग्लोब्युलिन 5.2, असा कागद पाहिला की पुढची टेस्ट कोणती लागणार ते मला आधीच कळतं. कोणत्याही कारणाच्या सिऱ्होसिसमध्ये (व्रणांनी यकृत कडक होणं) किंवा जुन्या संसर्गातही ग्लोब्युलिन वाढतं, त्यामुळे हा पुरावा नव्हे. पण कित्येकदा हीच खूण दोन-दोन वर्षं जुन्या फायलीत कुणी न वाचता पडून असते.

पीबीसीत चित्र वेगळं दिसतं. एसजीपीटी थोडंच वाढलेलं, पण अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी ही पित्तनलिकांशी संबंधित एन्झाइम बरीच वर, सोबत अंगाला खाज आणि न जाणारा थकवा. यात आयजीजीपेक्षा आयजीएम हे त्याच गटातलं दुसरं प्रथिन वाढलेलं असतं.

अँटीबॉडीच्या आधी काय तपासून घ्यावं?

आपल्याकडे कावीळ म्हटलं की पहिला संशय हिपॅटायटिस ए आणि ई यांचा, पावसाळ्यात तर नक्कीच. त्यांची आयजीएम टेस्ट, बी आणि सीची टेस्ट, सोनोग्राफी, आणि गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी, एवढं आधी व्हायला हवं. व्हायरल काविळीतही एएनए किंवा एएसएमए काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकतात. हिपॅटायटिस ई तर एआयएचची हुबेहूब नक्कल करू शकतो. व्हायरसची टेस्ट न करता थेट अँटीबॉडी केल्या तर नसत्या आजाराची भीती हाती येते.

लहान मुलं आणि तरुणांमध्ये विल्सन आजार तपासलाच पाहिजे, म्हणजे सेरुलोप्लाझ्मिन आणि डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी. त्यात यकृतात तांबं साचतं. तो वरवर एआयएचसारखाच दिसतो, त्यातही अँटीबॉडी पॉझिटिव्ह येऊ शकतात, पण औषध पूर्ण वेगळं. तिथे केवळ स्टिरॉइड देत बसणं म्हणजे हातातला वेळ घालवणं.

आणि कावीळ उतरवून घ्यायला, माळ घालायला कुठे गेला असाल, तिथे पोटात काही दिलं असेल, तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. माळेने काही होत नाही. पोटात गेलेल्या पाल्याचा हिशोब मात्र लागतो.

रिपोर्टवर 1:40, 1:160 असं असतं, ते काय?

सीरम (रक्तातला पेशी वगळून उरलेला पातळ भाग) किती पातळ केल्यावरही प्रतिक्रिया दिसते, ते. 1:40 म्हणजे चाळीसपट पातळ केलेलं सीरम. पुढे दर वेळी दुप्पट: 80, 160, 320, 640. ज्या शेवटच्या पायरीवर चमक दिसते तो तुमचा टायटर.

टेस्ट कशी होते तेही सांगतो, कारण ते कळलं की रिपोर्टमधले शब्द बोलायला लागतात. काचेच्या स्लाइडवर उंदराच्या यकृताचे, मूत्रपिंडाचे आणि जठराचे अतिशय पातळ काप शेजारी शेजारी बसवलेले असतात. त्यांवर तुमचं पातळ केलेलं सीरम टाकायचं, ठरावीक वेळ ठेवून धुवायचं, मग चमकणारा रंग जोडलेलं दुसरं द्रव्य टाकायचं आणि पुन्हा धुवायचं. तुमच्या सीरममधली अँटीबॉडी कापावर कुठे चिकटली असेल तर अंधाऱ्या खोलीत, फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली, तेवढीच जागा हिरवी उजळते. पेशींची केंद्रकं उजळली तर एएनए. जठराच्या भिंतीतला स्नायू आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती उजळल्या तर एएसएमए. मूत्रपिंडाच्या नलिका दाणेदार हिरव्या आणि जठराच्या पेशीही उजळलेल्या, तर एएमए. यकृताचा काप आणि मूत्रपिंडातल्या ठरावीक नलिका उजळल्या पण जठर काळंच राहिलं, तर एलकेएम.

शेवटच्या दोघांची गल्लत होणं ही आमच्या क्षेत्रातली जुनी डोकेदुखी. नवशिक्याने फक्त मूत्रपिंडाचा काप बघून एलकेएमला एएमए म्हटलं, तर एखाद्या मुलीच्या एआयएचवर पीबीसीचं लेबल चिकटतं. जठराचा काप तिथे असतो तो यासाठीच.

एएनए 1:80 आली आहे. मला लुपस (सांधे, त्वचा, मूत्रपिंड यांना ग्रासणारा ऑटोइम्यून आजार) झाला का?

एवढ्यावरून नाही. आणि एआयएचही नाही. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या एका अभ्यासात ठणठणीत माणसांचं रक्त तपासलं होतं. 1:40 ला जवळपास 32 टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले, 1:80 ला 13 टक्के, 1:160 ला 5 टक्के आणि 1:320 ला 3 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे रस्त्यावरून कुणीही शंभर जण उचलून आणले, तर त्यांतल्या डझनभर लोकांकडे तुमच्यासारखाच कागद असेल.

एएनएला वजन येतं ते सोबतच्या गोष्टींमुळे. एसजीपीटी नॉर्मल, आयजीजी नॉर्मल, काही त्रास नाही आणि हौसेने केलेल्या 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये 1:80, तर माझ्या मते तो कागद फायलीत ठेवून विसरायचा. एसजीपीटी 400, आयजीजी दुप्पट आणि तीच 1:80, तर तोच आकडा गंभीर.

पण एएनए ही सांधेवाताची टेस्ट ना? ती यकृतासाठी का?

या गोंधळाला इतिहास आहे. मेलबर्नमधले डॉ. इयान मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये काही रुग्णांच्या दीर्घकालीन हिपॅटायटिसचं वर्णन केलं. लुपससाठी तेव्हा वापरली जाणारी एलई सेल टेस्ट या रुग्णांमध्येही पॉझिटिव्ह येत होती, म्हणून त्यांनी आजाराला नाव दिलं 'लुपॉइड हिपॅटायटिस'. नंतर कळलं की हा लुपस नव्हेच, वेगळाच आजार. नाव बदललं, टेस्ट राहिली.

एएसएमए म्हणजे काय? तीही सगळ्यांमध्ये येते का?

गुळगुळीत स्नायूंविरुद्धची अँटीबॉडी. व्हायरल आजारांत आणि फॅटी लिव्हरमध्ये ती कमी टायटरला येत राहते. रिपोर्टमध्ये 'व्हीजीटी पॅटर्न' किंवा 'एफ-ॲक्टिन' असे शब्द असतील तर ती गांभीर्याने घ्यावी. व्हीजीटी म्हणजे मूत्रपिंडाच्या कापात रक्तवाहिन्या, गाळणीचे गुच्छ आणि नलिका हे तिन्ही उजळले. नुसत्या रक्तवाहिन्या उजळल्या असतील तर त्याला तेवढा अर्थ नाही. एएनए आणि एएसएमए दोन्ही एकत्र चांगल्या टायटरला आल्या, तर टाइप 1 एआयएचचा संशय बळावतो. मोठ्या माणसांमधला एआयएच बहुतेक वेळा याच प्रकारचा.

'ऑटोइम्यून लिव्हर प्रोफाइल' केलं, सगळं निगेटिव्ह आलं. सुटलो ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो, कारण इथे पेशंट आणि कधी कधी डॉक्टरही फसतात.

या नावाने मिळणारी टेस्ट बहुतेक वेळा ब्लॉट पद्धतीची असते. कागदासारख्या एका पट्टीवर ओळीने ठरावीक प्रथिनं लावलेली असतात: एएमए-एम2, एसपी-100, जीपी-210, एलकेएम-1, एलसी-1, एसएलए/एलपी, शिवाय बऱ्याच पट्ट्यांवर आरओ-52. ज्याच्याविरुद्ध अँटीबॉडी आहे ती रेघ रंगते. पट्टी उत्तम आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण या यादीत पुन्हा बघा. एएनए कुठे आहे? एएसएमए कुठे आहे? अनेक पट्ट्यांवर त्या नसतातच. आणि एआयएचच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये याच दोन सापडतात. त्यामुळे पट्टी पूर्ण निगेटिव्ह असली तरी टाइप 1 एआयएच खुशाल असू शकतो.

म्हणून लॅबमध्ये नाव सांगून विचारा: 'इम्युनोफ्लुओरेसन्स पद्धतीने एएनए, एएसएमए, एएमए, एलकेएम होणार आहे का, की फक्त ब्लॉट?' दोन्ही झाले तर उत्तम. एकच परवडणार असेल तर मी आधी उंदराच्या कापांवरची फ्लुओरेसन्स टेस्ट करायला सांगेन आणि पट्टी नंतर. एलायझा या मशीनवर रंग मोजण्याच्या पद्धतीने केलेली एएनए निगेटिव्ह आली तरी समाधान मानू नका. त्या किटमध्ये ठरावीक प्रथिनंच असतात आणि यकृताच्या आजारातली एएनए त्यांतून निसटू शकते.

उलटी बाजूही आहे. पट्टीवर एकटी आरओ-52 रंगली, तर तिचा यकृताशी थेट संबंध जोडू नये. ती इतर अनेक आजारांत दिसते.

मग एसएलए/एलपीचं एवढं काय कौतुक?

ती खोटं बोलत नाही म्हणून. एएनए, एएसएमए कुणाच्याही रक्तात दिसू शकतात. एसएलए/एलपी जवळपास फक्त एआयएचमध्येच दिसते. पण दोन अडचणी. ती थोड्याच रुग्णांमध्ये असते, त्यामुळे नसली तर काहीच सिद्ध होत नाही. आणि उंदराच्या कापांवर ती दिसत नाही; तिच्यासाठी एलायझा किंवा पट्टीच लागते. ही पॉझिटिव्ह असलेल्यांमध्ये औषध थांबवल्यावर आजार उलटण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे डॉक्टर औषध बंद करायला राजी नसतील तर त्यामागे हे कारण असू शकतं.

आमच्या मुलीची एलकेएम पॉझिटिव्ह आली आहे.

टाइप 2 एआयएच मुख्यतः लहान मुलं आणि तरुणांमध्ये दिसतो, मुलींमध्ये जास्त. एलकेएम-1 आणि एलसी-1 या त्याच्या खुणा. हा प्रकार अचानक आणि जोरात येऊ शकतो, म्हणून रिपोर्ट घेऊन पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, दोन दिवसांत डॉक्टरांना गाठा. डोळे पिवळे असतील, मूल सुस्त किंवा बडबडं झालं असेल किंवा आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आकडा) वाढलेला असेल, तर त्याच दिवशी.

मुलांसाठी टायटरची मर्यादा खाली असते: एएनए, एएसएमए 1:20 आणि एलकेएम 1:10 सुद्धा अर्थपूर्ण धरतात. मोठ्यांच्या 1:40 च्या मापाने बघून 'निगेटिव्ह' छापलेला मुलाचा रिपोर्ट मी पुन्हा मागवतो. हिपॅटायटिस सीमध्येही एलकेएम-1 कधी कधी येते, त्यामुळे ती टेस्ट झालेली असावी. आणि मुलांमध्ये एआयएचसोबत पित्तनलिकांचाही आजार लपलेला असू शकतो, म्हणून एमआरसीपी नावाचा स्कॅन सुचवला तर टाळू नका.

एएमए पॉझिटिव्ह म्हणजे पीबीसी नक्की?

अल्कलाइन फॉस्फटेज सतत वाढलेलं असेल, सोनोग्राफीत पित्तमार्गात अडथळा नसेल आणि एएमए 1:40 किंवा त्याच्या वर असेल, तर निदान झालं असं समजतात. बायोप्सी बहुतेक वेळा लागत नाही. यकृताच्या आजारांत अँटीबॉडीला एवढा मान दुसरीकडे कुठे नाही. लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट, शीला शरलॉक या मंडळींनी 1965 मध्ये ही अँटीबॉडी दाखवून दिली आणि आज साठ वर्षांनंतरही तिची जागा दुसऱ्या टेस्टने घेतलेली नाही. पीबीसीच्या 90 ते 95 टक्के रुग्णांमध्ये ती सापडते.

उरलेल्या पाच-दहा टक्क्यांसाठी एसपी-100 आणि जीपी-210 उपयोगी पडतात. इथे एक बारकावा सांगतो. तुमच्या एएनए रिपोर्टवर 'मल्टिपल न्यूक्लिअर डॉट्स' किंवा एसी-6, 'न्यूक्लिअर मेंब्रेन, पंक्टेट' किंवा एसी-12, अथवा 'सायटोप्लाझ्मिक रेटिक्युलर' किंवा एसी-21 असं लिहिलेलं आहे का बघा. सांधे दुखतात म्हणून केलेल्या एएनएमध्ये हे पॅटर्न निघाले तर अल्कलाइन फॉस्फटेज आणि एएमए करून घ्यायला हवी. पीबीसी अनेकदा असा आडवाटेने सापडतो. जीपी-210 असलेल्यांमध्ये आजार जास्त वेगाने वाढण्याची शक्यता असते, त्यामुळे त्यांच्यावर लक्ष जरा जास्त ठेवतात. एएमएच्या टायटरला मात्र तसा अर्थ नाही. 1:640 वाली बाई 1:80 वालीपेक्षा जास्त आजारी, असं मुळीच नाही.

जुन्या कागदांत याच आजाराला 'प्रायमरी बिलिअरी सिऱ्होसिस' लिहिलेलं सापडेल. 2015 मध्ये ते नाव बदललं, कारण निदान होताना बहुतेकांना सिऱ्होसिस नसतोच आणि त्या एका शब्दाने माणसं हाय खात होती.

एएमए पॉझिटिव्ह, पण एलएफटी अगदी नॉर्मल?

मग आज आजार नाही. फ्रान्समधल्या एका मोठ्या पाहणीत अशा लोकांपैकी साधारण सहातल्या एकाला पाच वर्षांत पीबीसी झाला. वर्षातून एकदा अल्कलाइन फॉस्फटेज बघत राहा. आत्ता औषध नको.

पीएससीसाठी कोणती अँटीबॉडी?

भरवशाची कोणतीच नाही. पी-एएनसीए ही पांढऱ्या पेशींविरुद्धची अँटीबॉडी पुष्कळांमध्ये येते, पण ती अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि एआयएचमध्येही येते. पीएससीचं निदान एमआरसीपीवर होतं. त्यात पित्तनलिका कुठे आवळलेल्या तर कुठे फुगलेल्या दिसतात. पीएससीच्या बऱ्याच रुग्णांना आतड्याचा आजारही असतो, त्यामुळे जुलाबाचा त्रास नसला तरी कोलोनोस्कोपी सुचवतात. रक्तात आयजीजी-4 एकदा पाहून घ्यावं, कारण त्याच्याशी संबंधित असाच दिसणारा एक आजार स्टिरॉइडला छान दाद देतो आणि पीएससी देत नाही.

सगळ्या अँटीबॉडी निगेटिव्ह असूनही एआयएच असू शकतो?

हो. विशेषतः आजार अचानक तीव्र स्वरूपात सुरू झाला असेल तेव्हा. अशा रुग्णांत अँटीबॉडी नसतात किंवा अगदी कमी असतात, आयजीजीसुद्धा नॉर्मल असू शकतं. काही आठवड्यांनी त्याच उगवतात. इथे बायोप्सीला पर्याय नाही.

बायोप्सीची भीती वाटते. रक्तावरच निदान करा ना.

एआयएचसाठी 2008 मध्ये एक सोपी गुणपद्धत आली. तिच्यातच याचं उत्तर आहे. समजा 45 वर्षांच्या एका बाईंची एएनए 1:160 आहे. अँटीबॉडीसाठी जास्तीत जास्त 2 गुण. 1:40 ला एक मिळतो, 1:80 पासून वर दोन. त्यांना 2 मिळाले. आयजीजीची वरची मर्यादा 1600 आणि त्यांचं 2300, म्हणजे मर्यादेच्या 1.1 पटीपेक्षा जास्त, आणखी 2. व्हायरल हिपॅटायटिस नाही, 2. झाले 6. सहा म्हणजे 'संभाव्य', सात आणि वर म्हणजे 'निश्चित'. सातवा गुण फक्त बायोप्सीतूनच मिळतो. एएनए 1:80 असो की 1:2560, अँटीबॉडीचे गुण दोनच. पद्धत तयार करणाऱ्यांनी अँटीबॉडीला मुद्दामच तेवढी मर्यादा घातली आहे.

शिवाय बायोप्सी निदानापुरती नसते. यकृतात किती सूज आहे, किती व्रण आहेत, सोबत चरबी किंवा पीबीसी आहे का, हेही तिथेच दिसतं. पुढे कित्येक वर्षं चालणाऱ्या स्टिरॉइड आणि अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा निर्णय केवळ एका हिरव्या चमकेवर घ्यावा असं मला वाटत नाही. रक्त गोठत नसेल किंवा पोटात पाणी असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मानेतल्या शिरेतून बायोप्सी करतात किंवा डॉक्टर बायोप्सीविना निर्णय घेतात.

फॅटी लिव्हर आहे आणि एएनएही पॉझिटिव्ह. दोन आजार?

बहुधा एकच. फॅटी लिव्हरमध्ये कमी टायटरची एएनए किंवा एएसएमए नेहमीची आहे. पण आयजीजी वाढलेलं असेल किंवा एसजीपीटी चरबीच्या मानाने फारच जास्त असेल, तर दोन्ही असू शकतात आणि मग बायोप्सी लागते. वजन जास्त आणि मधुमेहही आहे अशा माणसाला चुकून एआयएच समजून स्टिरॉइड दिलं तर साखर आणि चरबी दोन्ही वाढतात, हे आणखी वाईट.

गुळवेलीचा काढा घेत होते. त्याचा संबंध असू शकतो?

असू शकतो. कोविडच्या काळात घरोघर गुळवेल उकळली जात होती. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात यकृताला इजा झालेल्या अशा सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृतातली सूज ऑटोइम्यून धाटणीची होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, ती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. पुढच्याच वर्षी देशभरातल्या 13 केंद्रांमधल्या 43 रुग्णांचा अहवाल आला आणि त्यातही ऑटोइम्यून लक्षणं ठळक होती. वाद कुणाला घालायचा तो घालू दे. ज्याचं एसजीपीटी वाढलं आहे त्याने काढा बंद करावा, एवढं मी सांगेन.

ॲलोपॅथीची औषधंही यात मागे नाहीत. लघवीच्या संसर्गासाठी नायट्रोफ्युरँटोइन, मुरुमांसाठी मिनोसायक्लिन, गरोदरपणातल्या रक्तदाबासाठी मिथिलडोपा. यांच्यामुळे एएनए, एएसएमए, आयजीजी सगळं एआयएचसारखं दिसू शकतं. औषध थांबवून यकृत शांत झालं आणि शांतच राहिलं, तर ती औषधाची करणी. स्टिरॉइड बंद केल्यावर पुन्हा उसळलं, तर तो खरा एआयएच.

टेस्टला उपाशीपोटी जायचं का?

गरज नाही. मात्र रक्त शक्यतो स्टिरॉइड सुरू होण्याआधी द्या, नंतर टायटर उतरतो. इम्युनोग्लोब्युलिनचं सलाइन नुकतंच दिलं असेल तर ते लॅबला सांगा, कारण दात्यांच्या अँटीबॉडी तुमच्या रिपोर्टमध्ये उतरू शकतात.

एका लॅबमध्ये 1:80, दुसरीत 1:160. कोण चुकलं?

कुणीच नाही. एका पायरीचा फरक वाचणाऱ्याच्या डोळ्यावर, किटवर, दिव्याच्या प्रखरतेवर अवलंबून असतो. उंदराच्या कापांऐवजी हेप-2, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींवर एएनए केली तर टायटर सहसा जास्त येतो, म्हणून रिपोर्टवर पद्धत आणि संदर्भमर्यादा बघावी. 1:40 आणि 1:640 असा फरक आला तर मात्र दोन्ही लॅबना फोन करा. नमुन्यांची अदलाबदल होऊ शकते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

उपचार चालू आहेत. दर तीन महिन्यांनी एएनए करू का?

मोठ्या माणसांत नको, पैसे वाचवा. एआयएचमध्ये एसजीओटी, एसजीपीटी आणि आयजीजी तिन्ही नॉर्मल होणं हे लक्ष्य. पीबीसीत अल्कलाइन फॉस्फटेज आणि बिलिरुबिन. अँटीबॉडी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकते आणि तरी आजार शांत असतो. एएमए तर उपचाराने जावी अशी अपेक्षाच नाही. मुलांमध्ये टायटर आजाराबरोबर वरखाली होऊ शकतो, तिथे बालयकृततज्ज्ञ सांगतील तसं.

बाळाचा विचार आहे. या अँटीबॉडी बाळाला बाधतात का?

एएनए, एएसएमए, एएमए यांमुळे बाळाच्या यकृताला आजार होतो असं नाही. फक्त आरओ पॉझिटिव्ह असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा. ती वारेतून बाळापर्यंत पोचते आणि क्वचित त्याच्या हृदयाचे ठोके मंद करते, म्हणून गर्भाच्या हृदयाची तपासणी ठरावीक आठवड्यांत करतात. आणि दिवस गेले म्हणून एआयएचची औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. बाळंतपणानंतरचे काही महिने आजार उसळण्याचे असतात. एलएफटीची तारीख बारशाआधीच ठरवून ठेवा.

आईला पीबीसी आहे. आम्हा बहिणींनी अँटीबॉडी टेस्ट करावी का?

सरसकट नको. जवळच्या नात्यात धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण तरीही कमीच. तिशीनंतर एकदा साधी एलएफटी करा. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं निघालं तर एएमए करा.